परमुलखातील मास्तरीण

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. इंग्रजी अमलात त्यास गोल्ड कोस्ट म्हणत. ६ मार्च १९५७ रोजी तो स्वतंत्र झाला, आणि स्वतंत्र झालेल्या कोणत्याही देशाप्रमाणे त्यासही मोठी निकड भासली ती शिक्षकांची. १९६१ साली तेथील सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करणारा कायदा केला. शाळा वाढल्या, मुले वाढली. पण गणित आणि शास्त्र शिकविणारी माणसे काही कायद्याने निर्माण होत नाहीत. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' नावाचे स्वयंसेवक दल स्थापन केले होते. शिकलेल्या तरुणांनी दोन वर्षे परदेशी जावे, तेथल्या लोकांसारखे राहावे, पोटापुरते घ्यावे आणि आपणांस जे येत असेल ते शिकवावे, अशी ती योजना. या दलाची पहिली तुकडी परदेशी उतरली ती घानातच. ३० ऑगस्ट १९६१ रोजी पन्नासएक तरुण-तरुणी अक्राच्या विमानतळावर आल्या आणि स्वागतास जमलेल्या मंडळींसमोर त्यांनी त्वी भाषेत एक गाणे म्हटले. उच्चार बेताबाताचेच असतील. परंतु गोऱ्या माणसाने आपली भाषा आपल्या दारात येऊन बोलावी, हा अनुभव त्या लोकांना काही नित्याचा नव्हता.

त्यानंतरच्या काळात घानाच्या खेड्याखेड्यांतून असे शिक्षक येत गेले. त्यांपैकी एखादीचा दिवस कसा जातो हे पाहण्याजोगे आहे. येथे जी मास्तरीण डोळ्यांपुढे आणावयाची, ती कोणी एक ठराविक बाई नव्हे. अशा अनेकींच्या दिनक्रमात जे सारखे आढळते, तेवढे एकत्र केले म्हणजे तिची मूर्ती उभी राहते. गाव धरावे अशांटी प्रांतातले, रानाच्या कडेचे, कोकोच्या बागांनी वेढलेले. आणि शाळा धरावी वरच्या प्राथमिक इयत्तांनंतर तीन वर्षे चालणारी, जिच्या शेवटी एक सरकारी परीक्षा असते.

तिचा दिवस उजाडतो तो खराट्याच्या आवाजाने. कोकणात माडाच्या हिरांचा असतो तसाच हा खराटा, मात्र त्यास दांडा नसतो; म्हणून झाडणारास कंबरेत वाकावे लागते. घरोघरची अंगणे झाडली जातात आणि नंतर मुले शाळेत जाऊन तेथले पटांगणही झाडतात. बाई बादलीभर पाण्यात स्नान उरकते. पाणी कूपनलिकेवरून आणावयाचे असते, आणि पहिल्या आठवड्यात डोक्यावरचे भांडे सांडल्यामुळे जी हसून घेणारी पोरे असतात, तीच पुढे तिचे पाणी न सांगता आणून ठेवतात. न्याहारीस बाजरीची आंबविलेली पातळ पेज, आले-मिऱ्याच्या चवीची, आणि तिच्याबरोबर चवळीच्या पिठाची तळलेली भजी. पेजेस कोको म्हणतात. शेतात पिकतो तो कोको निराळा. नावापुरतेच दोहोंत साम्य.

शाळेच्या वाटेवर चिमुरडी पोरे 'ओब्रोनी, ओब्रोनी' म्हणून हाका मारतात. परदेशी, गोऱ्या कातडीचे माणूस, असा त्याचा अर्थ. त्यात शिवी नाही, कुतूहल आहे. पण या शब्दाचा एक चमत्कार सांगावयास हवा. अमेरिकेतून येणाऱ्या स्वयंसेवकांत काळ्या वर्णाचे तरुणही असतात. ज्यांच्या पूर्वजांना याच किनाऱ्यावरील एल्मिना आणि केप कोस्ट यांसारख्या किल्ल्यांतून गुलाम म्हणून जहाजांत कोंबले गेले, त्यांचे वंशज तीनशे वर्षांनी परत येतात, आणि त्यांनाही पोरे 'ओब्रोनी'च म्हणतात! एखाद्याच्या जिवाला हा शब्द किती लागत असेल, याची कल्पना त्या निरागस मुलांना कोठून असावी?

मोठी माणसे मात्र लवकरच दुसरे नाव देतात. जन्मवारावरून नाव ठेवण्याची तेथे चाल आहे. बुधवारची मुलगी अकुआ, शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. घानाचे पहिले राष्ट्रनायक क्वामे एन्क्रुमा, संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान, यांच्या नावांतील वार आता कोणासही ओळखता येतील. आपल्याकडील सोमा, मंगळ्या आणि बुधा यांचीच ही आफ्रिकी भावंडे. मास्तरीण बुधवारी जन्मलेली असली तर ती अकुआ होते. वर्गात मात्र 'मॅडम'.

नाव मिळाले तरी भाषा मिळत नाही. त्वी ही सुरांची भाषा आहे. 'पापा' हा शब्द दोन्ही अक्षरे वरच्या सुरात घेऊन म्हटला तर 'चांगले'. पहिले खाली व दुसरे वर घेतले तर 'बाप'. आणि दोन्ही खालच्या सुरात म्हटली तर 'पंखा'. बाजारात पंखा मागावयास गेलेल्या बाईने बाप मागितला, तर त्यात तिच्या व्याकरणाचा दोष नाही, गळ्याचा आहे. बाजारात बसणाऱ्या बायका खो खो हसतात, उच्चार दुरुस्त करून घेतात आणि मापावर चार टोमॅटो वरून घालतात. भाजीवालीकडून कोथिंबिरीची काडी वरून घेतल्याशिवाय जिचे समाधान होत नाही, त्या मराठी गृहिणीस हा बाजार मुळीच परका वाटावयाचा नाही. एक गोष्ट तर शिकविण्याचीही गरज पडणार नाही. डाव्या हाताने वस्तू देणे-घेणे तेथे असभ्य समजतात. अमेरिकन बाईस ते अंगवळणी पडावयास महिना लागतो.

आता वर्गाकडे वळावे. साठ मुले, एकेका बाकावर तिघे-तिघे. मुलींचे केसही मुलांप्रमाणेच बारीक कापलेले, कारण तसा शाळेचा नियम. पहिल्या काही इयत्ता मातृभाषेत शिकवून पुढे इंग्रजीकडे न्यावे, असे धोरण असल्यामुळे या वर्गात सर्व शिक्षण इंग्रजीत चालते. परंतु मुलांचे इंग्रजी घानाचे आणि बाईचे अमेरिकेचे. दोन्ही पक्ष नम्रपणे 'समजले' म्हणतात आणि कोणासही काही समजलेले नसते. पंधरा दिवसांनी बाई हळू बोलावयास शिकते. एक वाक्य, मग विराम, मग तेच वाक्य फळ्यावर.

विषय आहे आम्ल आणि अल्क. पाठ्यपुस्तकात लिटमस कागदाचे चित्र आहे. शाळेत कागद नाही. परीक्षेत मात्र प्रश्न येणार तो लिटमसचाच. निळा कागद आम्लात तांबडा होतो, तांबडा कागद अल्कात निळा होतो, ही दोन वाक्ये मुलांना आधीच तोंडपाठ आहेत. पाठ नाही ते एवढेच, की ही दोन वाक्ये कशाविषयी आहेत.

अशा वेळी एखादी चतुर मास्तरीण बाजारातून लाल अंबाडीची वाळलेली बोंडे आणते. घानात त्यांचे थंड पेय करतात, त्यास सोबोलो म्हणतात. बोंडांचे गडद लाल पाणी दोन पेल्यांत ओतावयाचे. एकात लिंबू पिळले की रंग अधिक तांबडा व तेजदार होतो. दुसऱ्यात काहीतरी अल्क घालावयास हवे. ते आणावयाचे कोठून? येथे बाईची विद्या संपते. साबणाचे पाणी घालून रंग थोडासा काळवंडतो, पण पाहिजे तसा फरक दिसत नाही.

मागच्या बाकावर एक मुलगा डोके टेकून झोपलेला असतो. रोजच झोपतो. बाईने त्याच्या नावापुढे मनातल्या मनात 'आळशी' अशी नोंद केव्हाच करून ठेविली आहे. शेजारच्या वर्गावरचे मास्तर दारातून जाता जाता थांबतात, त्वीत दोन शब्द बोलतात आणि त्या मुलास उठवितात. मुलगा डोळे चोळीत विचारतो, राख चालेल का? कोकोची फळे फोडून बिया काढल्यावर जी जाड टरफले उरतात, ती वाळवून जाळावयाची. राख पाण्यात कालवून गाळावयाची. ते पाणी हाताला झोंबते. पाम-तेलाबरोबर ते शिजवून त्याची आजी काळा साबण करते. डबाभर गाळलेले पाणी शाळेलगतच्या घरातून येते. पेल्यात पडताच लाल रंग हिरवट होतो, आणि साठ मुले बाकांवर उभी राहतात.

पोटॅशचे अल्क आणि तेल यांपासून साबण होतो, हे रसायन ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर चालत आले, त्या गावातील मुलांना 'अल्क' या शब्दाची घोकंपट्टी करावी लागावी, यातील विसंगती कोणत्याही विचारी माणसास बोचल्याशिवाय राहणार नाही. ती केवळ घानाची आहे असेही नाही.

मुलगा झोपतो का, हे मधल्या सुटीत मास्तर सांगतात. ऑक्टोबरापासून कोकोचा मोठा हंगाम. फोडलेल्या फळांतील बिया केळीच्या पानांत गुंडाळून पाच-सहा दिवस आंबवितात, नंतर चटयांवर उन्हात घालून वरचेवर खालीवर करतात. पहाटे उठून पाणी भरणे, चटया पसरणे, मग शाळा. १८७९ साली टेट्टे क्वार्शी नावाच्या गृहस्थाने फर्नांदो पो बेटावरून कोकोचे बी आणले; त्यातून या देशाचे वैभव वाढले, पण ज्यांच्या अंगणात तो कोको वाळतो, त्यांपैकी कित्येकांच्या जिभेला चॉकलेट क्वचितच लागते. बाई आपल्या मनातील ती नोंद खोडते. खोडणे भागच आहे.

छडीचा प्रश्न याहून अवघड. अनेक शाळांत ती चालत आली आहे. २०१९ साली शिक्षणखात्याने तीस मनाई केली, तरी सवय हुकमाने एका दिवसात जात नाही. बाईसमोर एखाद्या मुलीच्या हातावर छडी पडते तेव्हा तिने काय करावे? पाहुणीने यजमानाच्या घरात आवाज चढवावा काय? बहुतेकजणी आपल्या वर्गात छडी येऊ देत नाहीत आणि बाकीचे सहकाऱ्यांशी एकांतात बोलतात. यास कोणी भित्रेपणा म्हणेल. पण १९६१ च्या ऑक्टोबरात नायजेरियात काय घडले, हे या दलातील माणसे विसरलेली नाहीत. इबादान येथे शिकावयास आलेल्या एका स्वयंसेविकेने मायदेशी पत्र लिहिले आणि तेथील राहणीचे वर्णन फारसे आदराने केले नाही. पत्र होते उघडे पोस्टकार्ड. ते वाटेत पडले, विद्यार्थ्यांच्या हाती लागले, त्याच्या प्रती निघाल्या, सभा भरल्या, आणि तीस परत जावे लागले. पोरगी दुष्ट नव्हती. ज्यांच्या घरी राहावयाचे, तेही वाचणारे लोक आहेत, एवढेच तिच्या ध्यानात आले नव्हते.

दुपारी शाळा सुटली की गावात उखळांचा घुमणारा आवाज सुरू होतो. उकडलेला कसावा आणि कच्चे केळे लाकडी उखळात कांडून फुफू करतात. एकजण उभ्याने मुसळ हाणतो, दुसरी बसून दोन घावांच्या मध्ये गोळा परतविते. ताल चुकला तर बोटे गेली. तो गोळा रश्श्यात बुडवून उजव्या हाताने खावयाचा, चावावयाचा नाही, गिळावयाचा. शेजारची म्हातारी बाईस पानावर बोलाविते, आणि बोलावणे नाकारणे शिष्टाचारास धरून नसते.

सूर्य तेथे बारमास सहाच्या सुमारास मावळतो. विजेचा भरवसा नाही. जाण्या-येण्याच्या तिच्या खेळास लोकांनी 'डुमसोर', म्हणजे 'विझली-पेटली', असे नावच ठेवून दिले. दिव्याच्या उजेडात बाई साठ वह्या तपासते. २०१७ पासून पुढच्या माध्यमिक शाळांची फी माफ झाली आहे. तेव्हा या मुलांच्या वाटेत आता मोठा अडसर उरला तो परीक्षेचा. म्हणून अंबाडीचा प्रयोग झाला तरी लिटमसची दोन वाक्येही ती लिहून घेते. सोडून चालत नाही.

या सर्व उद्योगाविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. फुकट मिळणारी मास्तरीण आली की जागा भरली असे वरिष्ठ समजतात; दोन वर्षांनी ती जाते आणि जागा पुन्हा रिकामी. उलटपक्षी, गावच्या शिक्षकाचे काय? २०१८ साली अशांटी प्रांतातीलच बेटेनासे गावच्या रिचर्ड अप्पिया अकोटो या शिक्षकाने, शाळेत एकही संगणक नसल्यामुळे, संगणकाचा सबंध पडदा रंगीत खडूंनी फळ्यावर काढून मुलांना शिकविले. त्या फळ्याचे चित्र जगभर पसरले. मायक्रोसॉफ्टने त्यांना सिंगापूरच्या शिक्षण-परिषदेस बोलाविले आणि शाळेला संगणक मिळाले. त्यांत घानात शाखा असलेल्या एका भारतीय शिक्षणसंस्थेनेही काही दिले. परदेशी मास्तरणीच्या नशिबी जे कौतुक पहिल्याच दिवशी येते, ते अकोटोंच्या वाट्यास यावयाला फळ्याचे चित्र जगभर फिरावे लागले.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पीस कोअरने साठांहून अधिक देशांतील आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकदम माघारी बोलाविले. घानातल्या मास्तरणींना निरोप घ्यावयासही धड वेळ मिळाला नाही. फळ्यावरचे गणित अर्धे राहिले, तपासलेल्या वह्या हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून त्या निघाल्या. त्याच सुमारास देशातील शाळाही बंद झाल्या. जूनच्या अखेरीस शेवटच्या वर्षाची मुले वर्गात परतली आणि सप्टेंबरात त्यांची परीक्षा झाली. मधल्या अडीच महिन्यांत त्यांना आम्ल, अल्क आणि लिटमस शिकविले ते शेजारच्या वर्गावरच्या मास्तरांनी.