पगाराचे सदर



परिषदेच्या अध्यक्षाच्या आसनावर आपण मला बसविलेत याबद्दल मी ऋणी आहे, आणि रायपूरचा उन्हाळा टाळून परिषद भरविल्याबद्दल स्वागत समितीचे आभार मानतो. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे, त्यांचे सहकारी वामनराव लाखे आणि १९३५ पासून चालत आलेले येथील महाराष्ट्र मंडळ यांना वंदन करून पुढे जाण्याचा येथे प्रघात आहे. तो मी पाळला. छात्रवृत्त्या, युवक-कल्याण व आरोग्यशिबिरे यांचा वार्षिक आढावा अध्यक्षाने घ्यावयाचा असतो, परंतु तो छापील अहवालात आहे आणि चिटणीसांनी तो माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे.

मला एकच गोष्ट बोलावयाची आहे आणि तिच्यासाठी मी फार वर्षे थांबलो आहे. आपले दाते इमारतीला देतात, यंत्राला देतात, शिबिराला देतात. माणसाच्या पगाराला देत नाहीत.

ज्या वसतिगृहाच्या कारभाराशी माझा दीर्घकाळ संबंध आला, त्याच्या व्हरांड्यात थंड पाण्याचे तीन कूलर होते आणि प्रत्येकावर दात्याच्या दिवंगत वडिलांचे नाव होते. कांकेरकडून शिकावयास आलेला एक मुलगा सिकलसेलचा रुग्ण होता. हा रक्तदोष छत्तीसगडात किती घरांतून आहे हे येथील मंडळींना सांगावयास नको. थंडीत मध्यरात्री त्याचे सांधे धरत, तेव्हा त्याला घोटघोट पाणी पाजीत बसणारे, पाय शेकणारे आणि ताप चढताच रिक्षा गाठून त्याला मेकाहारा रुग्णालयात नेणारे आमचे गृहपाल, त्यांचा पगार मात्र कोणत्याही देणगीच्या सदरात बसेना, म्हणून तो किरकोळ खर्चातून, तोही तुंबवून, दिला जाई. दात्यांकडे शब्द टाकला की ‘तो आवर्ती खर्च’ असे उत्तर येई, जणू त्या मुलाचे दुखणे एकदाच येऊन जाणार होते! अखेर गृहपाल एका गोदामावर कारकून म्हणून गेले. त्याच महिन्यात एका सद्गृहस्थांनी चौथा कूलर देऊ केला, आणि कार्यकारिणीने आभाराचा ठराव एकमताने संमत केला.

सकाळच्या सत्रात मोठा वाद झाला. एका पक्षाला कारखानदारांचा पैसा नको होता, दुसऱ्याला वर्गणीच्या पावत्या फाडण्याचा कंटाळा आला होता. मी दोन्ही पैसे हाताळले आहेत. गोलबाजारातील एक किराणा व्यापारी दरमहा फूल ना फुलाची पाकळी देत आणि ‘मास्तर टिकला का?’ एवढेच विचारीत. उलट एका बड्या कंपनीच्या अधिकाऱ्याने फलकाची लांबी-रुंदी आम्हांस पत्राने कळविली होती. यावरून मी वर्गणीवाल्यांचा पक्ष घेतला असे कोणी समजू नये, कारण व्यापाऱ्यांच्या पश्चात त्यांच्या चिरंजीवांनी ती पाकळीही बंद केली. दोन्ही पक्ष पैशाचे कूळ शोधीत बसले. तो कोणत्या सदरी पडतो हे पाहावयास कोणी तयार नव्हते.

पूर्वसूरींची गोष्ट निराळी होती. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली ती आजीव सदस्यांच्या अल्प वेतनाच्या पायावर, आणि १८९० साली टिळक तिच्यातून बाहेर पडले ते वेतनाच्या व बाहेरच्या मिळकतीच्या वादातूनच. शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न त्यांना भांडण्याइतका मोठा वाटत होता. विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लक्ष देऊ केले, तेव्हा मातोश्री नाथीबाईंचे नाव त्याला लागले. पण रक्कम अशी होती की तिच्या व्याजावर विद्यापीठाचा नित्याचा संसार चालावा. अशा दात्याचे नाव मी स्वतः रंगवीन.

आता कायद्याकडे बोट दाखविणाऱ्यांसाठी दोन शब्द. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावयाचे असतात. प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे खरी, परंतु २०२१ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले आहे की ती कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाला लागू आहे. कार्यक्रम प्रत्यक्ष राबविण्याचा खर्च तीत धरावयाचा नाही. तेव्हा गृहपालाचा पगार ‘प्रशासन’ या रकान्यात ढकलून त्यावर कात्री चालविणारा हिशेबनीस कायदा पाळीत नसून स्वतःची सोय पाहत असतो, हे त्याला तोंडावर सांगण्याची हिंमत आपण धरली पाहिजे.

पगारासाठी एक कायम निधी उभारावा, त्याचे विश्वस्त व मर्यादा समितीने ठरवाव्यात, समिती कार्यवाहांनी नेमावी. भविष्यनिर्वाह निधीचाही त्यात विचार व्हावा. तपशील मागाहून.

उद्याच्या खुल्या अधिवेशनाच्या मसुद्यात सभागृहाच्या नूतनीकरणाचा ठराव पहिला आहे, आणि कार्यकर्त्यांच्या वेतनाचा नववा, ‘वेळ उरल्यास’ या शेऱ्यासह. ठरावांचा क्रम बदलण्याचा अधिकार परिषदेच्या घटनेने अध्यक्षास दिला आहे व तो मी वापरणार आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी चहाच्या सुट्टीत ती चिटणीसांकडे लेखी द्यावी.