तलाकचा कायदा : काय बदलले, काय राहिले



तलाकचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणतो, सरकारने तलाकच बंद केला. दुसरा म्हणतो, नवऱ्याने तीन वेळा म्हटले, आता काय उरले? दोन्ही उत्तरे चूक आहेत, आणि दुसऱ्याने तर आपल्या लेकीबाळींचे फार नुकसान होते.

वस्तुस्थिती अशी. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातील तिहेरी तलाक रद्द ठरविला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तलाक तोंडी असो, चिठ्ठीवर असो की मोबाईलवर, त्याने निकाह तुटत नाही. अशी बाई तलाकशुदा नव्हे, ती पत्नीच आहे. तिने इद्दतीला बसून माहेरी गप्प राहण्याचे कारण नाही. स्वतःच्या व मुलांच्या निर्वाहभत्त्यासाठी आणि अज्ञान मुलांच्या ताब्यासाठी ती दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. शिक्षेच्या कलमाबद्दल मात्र माझे मन साशंक आहे. कमावता माणूस तुरुंगात गेल्यावर भत्ता द्यायचा कोणी? तक्रार तिने किंवा तिच्या नातलगाने केली तरच पोलिसांना दखल घेता येते, आणि तिची इच्छा असेल तर दंडाधिकाऱ्याच्या परवानगीने तडजोडही होते, एवढे बरे.

अहसन आणि हसन या तलाकच्या पद्धती त्या कायद्याने बंद केलेल्या नाहीत. पण तेथेही वाटेल तसे चालत नाही. मे २००२ मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तलाकला रास्त कारण हवे आणि त्याआधी दोन्ही घरच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. ‘मी पूर्वीच तलाक दिला आहे’ एवढे कैफियतीत लिहून भागत नाही. कुरआनातील सूरह निसामध्ये मध्यस्थ नेमण्याची आज्ञा आहेच. न्यायालयाने नवे काही आणले नाही.

आता बाईच्या बाजूचा रस्ता. खुला आपल्याला ऐकून ठाऊक असतो. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा मात्र पदवीधरांनाही ठाऊक नसतो. हनफी मताप्रमाणे नवरा बेपत्ता झाला किंवा पोसेनासा झाला तरी बाईची सुटका फार अवघड होती. निकाह तुटावा म्हणून काही स्त्रिया धर्मच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या आलिमांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट दाखविली, आणि त्यातून हा कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे त्याने पोसले नसेल, किंवा तो छळ करीत असेल, तर न्यायालयातून निकाह रद्द करून मागता येतो. इतरही कारणे त्यात आहेत. महत्त्वाचे म्हणजे असे केल्याने मेहरचा हक्क जात नाही. नवरा खुल्यासाठी ‘मेहर सोड’ म्हणून अडून बसतो तेव्हा हे कलम आठवावे.

पोटगीचे पाहू. शाहबानो निकाल १९८५ चा, त्यानंतरचा कायदा १९८६ चा. त्यावरून झालेला गदारोळ आपणास ठाऊक आहे. त्या कायद्याचा अर्थ २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात लागला : इद्दतीच्या मुदतीतच पूर्वपतीने तिच्या पुढील आयुष्याची रास्त तरतूद करून द्यावयाची, केवळ तीन महिन्यांचा खर्च नव्हे. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागता येते. तेच कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने आहे. अर्ज ती राहते त्या जिल्ह्यात करता येतो. सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

पण दावा उभा राहतो कागदावर. निकाहनाम्याची प्रत मुलीकडे असते का? बहुतेक घरांत ती वडिलांच्या ट्रंकेत असते, किंवा नसतेच. मेहरचा आकडा आणि तो दिला की बाकी, हे त्यावर लिहून घ्या. नवऱ्याने दुसरा निकाह केल्यास तलाकचा अधिकार पत्नीला, अशी अटही त्यात घालता येते. तिला तफवीज म्हणतात. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला तेथे मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो.