सल्ल्याचे मोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



नोकरी सोडून स्वतंत्रपणे सल्लागाराचा व्यवसाय कसा करावा, यावर चार शब्द सांगावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. विषय मोठा आहे आणि चहाची वेळ जवळ आली आहे. म्हणून त्यातील एकच गोष्ट मी आपणांपुढे ठेवते. ती म्हणजे सल्ल्याची किंमत.

खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात मी सतरा वर्षे होते. गेली सहा वर्षे लहान मसालेवाले, लोणचीवाले, बेकरीवाले यांना माल टिकावा कसा, वेष्टनावर काय छापावे, कारखाना स्वच्छ कसा ठेवावा, हे सांगत असते. काम तेच आहे. पूर्वी महिनाअखेर पगार आपोआप जमा होई. आता प्रत्येक रुपया तोंडाने मागावा लागतो, एवढाच काय तो फरक. आणि हे मागणेच आपणा बायकांना सर्वांत जड जाते.

लोणच्याला बुरशी का आली, असे शेजारणीने विचारले तर आपण सांगतो. त्याचे पैसे घेत नाही, घेऊही नयेत. परंतु तोच प्रश्न कारखानदार पाचशे बरण्यांविषयी विचारतो, तेव्हा तो आपल्या नफ्या-तोट्याचा प्रश्न विचारीत असतो. तेथेही "त्यात काय एवढे!" असे आपल्या तोंडून निघून जाते. शेजारधर्म कोठे संपतो आणि व्यवसाय कोठे सुरू होतो, ही रेघ आपली आपणच आखली पाहिजे.

मग दर ठरवावा कसा? पुष्कळजणी पगाराला दिवसांनी भागतात. समजा, पगार महिना ८०,००० रुपये आहे. २५ दिवसांनी भागले की रोजचे ३,२०० झाले. हा हिशेब सरळ दिसतो, पण फसवा आहे. पगाराच्या मागे भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, आजारपणाचा विमा, संगणक, बसायला खुर्ची, अशी न दिसणारी फौज उभी असते. तिचे महिना २०,००० धरले, तर वर्षाची रक्कम १२ लाख होते. आता दिवस मोजा. ३६५ पैकी शनिवार-रविवार १०४ गेले. सण, रजा आणि आजारपण यांचे ३१ धरा. राहिले २३०. त्यांतील जवळजवळ निम्मे नवे काम शोधण्यात, पत्रव्यवहारात आणि बिले लिहिण्यात जातात. पैसे मिळतील असे दिवस राहिले १२०. म्हणजे दिवसाचा दर १०,००० रुपये! ३,२०० आणि १०,००० यांमधले अंतर हा लोभ नव्हे. ती पगारपत्रकात न दिसणारी आपलीच कमाई आहे.

दर सांगताना आकडा उच्चारावा आणि गप्प बसावे. "आपल्याला परवडेल तसे द्या," हे शेपूट जोडले की आकडा गळून पडतो.

ठरलेले सारे कागदावर यावे: काम कोणते, भेटी किती, पैसे केव्हा. एका कारखान्याने माझे बिल सात महिने अडवून ठेवले होते. लघुउद्योगांसाठी २००६ साली झालेला कायदा तेव्हा उपयोगी पडला. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते. नोंदणी माझ्यापाशी होतीच. या तरतुदीचा उल्लेख करून मी पत्र धाडले आणि तीन आठवड्यांत रक्कम आली. आवाज चढवावा लागला नाही.

कंपन्या आपल्या फीमधून बहुधा १० टक्के आयकर आधीच कापतात. तो तोटा नव्हे. विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरला जातो. मात्र हातात येते ते सारे आपले, असेही समजू नये. उरलेल्या कराची सोय वेगळ्या खात्यात करावी.

कोणी उद्याच राजीनामा द्यावा, असे मी म्हणत नाही. घराचे हप्ते, वडीलधाऱ्यांची औषधे ज्यांच्या पगारावर चालतात, त्यांनी निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीस बांधल्यावाचून पाऊल टाकू नये. आरोग्यविमाही नोकरीत असतानाच स्वतःच्या नावे घ्यावा. कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

शेवटी एकच सांगते. आपण दर पाडून काम घेतो, तेव्हा नुकसान आपले एकटीचे होत नाही. "त्या बाई तर एवढ्यात करतात," हे वाक्य मग पुढच्या प्रत्येक बाईला ऐकावे लागते. म्हणून योग्य मोल मागणे हा मला स्वार्थ वाटत नाही. मागून येणाऱ्या मुलींसाठी वाट रुंद करणे वाटते.