दाजींची पिकअप आणि क्रूझ कंट्रोल

मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "गाडीत कंपनीने न दिलेलं क्रूझ कंट्रोल नंतर बसवता येतं का हो?" मी तेव्हा "येतं" म्हणून मोकळा झालो. पण ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज सांगतो, आणि ते आमच्या दाजींच्या पिकअपवरून सांगणं सोपं जाईल.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की पहाटे मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन येणारी बोलेरो डोळ्यांसमोर येते. इथली पिकअप जरा निराळी. मागे हौदा तसाच, पण पुढे चार दारं आणि पाच माणसांची जागा. दाजींचा धंदा लाकडी कुंपणं आणि बागेतल्या शेड बसवायचा. २९ ऑगस्ट २०२३ला युलेझ आपल्या हॅरोसकट लंडनच्या सगळ्या बरोंना लागू झालं, त्यांची जुनी डिझेल गाडी युरो-६मध्ये बसेना, आणि दारातून बाहेर पडलं की दिवसाचे साडेबारा पौंड द्यायचे म्हणजे धंदाच बंद. म्हणून त्यांनी सेकंडहँड पिकअप घेतली. युरो-६, पण मॉडेल सगळ्यात खालचं. स्टीअरिंगवर जिथे क्रूझची बटणं असतात, तिथे काळ्या प्लास्टिकचं कोरं झाकण.

आता त्यांची कामं पिनरपेक्षा बाहेर जास्त. हॅच एंड, वॉटफर्ड करत एम-वनला लागायचं आणि ल्यूटन, मिल्टन कीन्स, कधी पार लेस्टरपर्यंत. एम-वनवर कुठे ना कुठे दुरुस्ती चालू असतेच, आणि तिथे ५०ची पाटी आणि पिवळ्या खांबांवरचे कॅमेरे. हे कॅमेरे तुमचा त्या क्षणाचा वेग बघत नाहीत. एका खांबापाशी नंबर वाचतात, दुसऱ्यापाशी पुन्हा वाचतात, आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागतात. म्हणजे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारायची आपली जुनी युक्ती इथे फुकट.

पहिल्या वेळी दाजींना कोर्स करून सुटता आलं. त्यानंतर दोनदा १०० पौंड आणि तीन-तीन पॉइंट. म्हणजे लायसन्सवर सहा. तीन वर्षांत बारा झाले की साधारण सहा महिने लायसन्स जातं, आणि कुंपणाचे खांब काही मेट्रोपॉलिटन लाइनने नेता येत नाहीत. ताई धास्तावली. दाजी मला म्हणाले, "अरे, मी काय या वयात गाडी पळवणार? ५०नेच चाललोय असं वाटतं, जरा उतार लागतो, मागे वजन असतं, आणि काटा ५८वर गेलेला कळतच नाही."

मी म्हटलं, "दाजी, तुमची गाडी हे काम करायला तयार असणार. तिला फक्त कुणी सांगितलेलं नाही."

यात अतिशयोक्ती नाही. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत केबल असायची, आणि क्रूझ म्हणजे ती केबल ओढून धरणारं वेगळं यंत्र. आताच्या गाड्यांत पेडल हा नुसता सेन्सर असतो. पाय किती दाबलाय ते तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि इंधन किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. वेग त्याला आधीच माहीत असतो. मग वेग धरून ठेवायला नवीन यंत्र लागतच नाही, तो प्रोग्रॅमचा भाग झाला. कंपन्या बऱ्याचदा महागड्या आणि स्वस्त मॉडेलला तोच कॉम्प्युटर आणि बरीचशी तीच वायरिंग वापरतात. स्वस्त गाडीत बटणं तेवढी नसतात.

पण हे "बऱ्याचदा" महत्त्वाचं आहे. टोयोटाच्या अनेक गाड्यांत स्टीअरिंगच्या मागे उजवीकडे एक छोटी दांडी जोडली की काम होतं. फोर्डच्या गाड्यांत बटणं बसवूनही लॅपटॉप लावून ती सोय चालू करावी लागते. काही गाड्यांत स्टीअरिंगमधली गुंडाळलेली चपटी केबल, जिला गॅरेजवाले क्लॉक स्प्रिंग म्हणतात, तीच कमी तारांची असते आणि बदलावी लागते. क्लचचा स्विच गाळलेलीही मॉडेलं असतात. म्हणून आधी चासी नंबर देऊन डीलरच्या पार्ट्स काउंटरवर वरच्या मॉडेलच्या पार्टचे नंबर काढून घ्यायचे, आपल्या गाडीत काय आहे ते पडताळायचं, आणि मगच पैसे खर्च करायचे.

बटणांची एक गंमत. चालू, सेट, रिझ्यूम, कॅन्सल, अशी चार-पाच कामं, पण कितीतरी गाड्यांत ती सगळी एकाच तारेवरून जातात. प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टर, त्यामुळे व्होल्टेज वेगळं, आणि त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो कोणतं बटण दाबलं. म्हणूनच दिसायला सारखी पण दुसऱ्या मॉडेलची बटणं ऑनलाइन स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. "कॅन्सल" दाबल्यावर गाडीला वेगळंच काही ऐकू येईल.

आता ज्यासाठी एवढं बोलतोय ते. क्रूझमध्ये वेग धरणारं बटण दुय्यम आहे. आधी बघायचं ते सोडणारं. ब्रेकच्या पेडलमागचा स्विच बहुतेक गाड्यांत दुहेरी असतो. पाय नसताना एक संपर्क जोडलेला आणि दुसरा तोडलेला, पाय ठेवला की उलट. कॉम्प्युटर दोघांची साक्ष घेतो, आणि साक्षी जुळल्या नाहीत तर क्रूझ लागूच देत नाही. क्लचचंही तसंच. क्लच दाबला आणि क्रूझ सुटलं नाही, तर इंजिन मोकळं होऊन ओरडत वर जाईल. इंटरनेटवर कुणीतरी तार वळवून हे स्विच चुकवायचा उपाय सांगेल. तो करू नका. कंपनीचं क्रूझ आणि बाजारातलं कसंतरी चिकटवलेलं, यांत खरा फरक इथेच पडतो.

दुसरा धोका समोरच असतो. स्टीअरिंगच्या मधोमध एअरबॅग आहे, म्हणजे स्फोटकच. बॅटरी काढून, त्या गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. काहींत दीड मिनिट सांगितलंय, काहींत जास्त. चाकं सरळ ठेवायची, क्लॉक स्प्रिंग मधल्या जागेवरून फिरू द्यायची नाही, नाहीतर पुढच्या एखाद्या पूर्ण वळणावर ती आतल्या आत तुटते. हॉर्नही जातो आणि एअरबॅगही. मी आयुष्यभर मशिनींत हात घातलाय, तरी हे काम आम्ही ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं. तेही दुसऱ्याकडून. पहिल्याने गाडी परत दिली तेव्हा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेलाच होता, आणि "जाईल आपोआप" असं तो म्हणाला. नाही जात आपोआप. त्या दिव्यासकट गाडी एमओटीत नापास होते, आणि त्याहून वाईट म्हणजे गरज पडेल तेव्हा एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते. दुसऱ्याने एक नीट न बसलेला कनेक्टर शोधला, तो घट्ट केला, नोंदलेली चूक पुसली, तेव्हा दिवा गेला. सगळा खर्च त्या दोन दंडांपेक्षा थोडा जास्त झाला. विमा कंपनीलाही कळवलं. कंपनीचेच पार्ट असले तरी गाडीत बदल केला की सांगायचं, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

थोडं विषयांतर. हे यंत्र शोधणारा राल्फ टीटर नावाचा अमेरिकन इंजिनिअर आंधळा होता. पाच वर्षांचा असताना अपघातात दृष्टी गेली, तरी पुढे तो पिस्टन रिंग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष झाला. असं सांगतात की त्याचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की वेग कमी व्हायचा आणि ऐकायला लागले की वाढायचा, आणि शेजारी बसलेला टीटर त्या धक्क्यांना वैतागला. १९५०मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि क्रायस्लरने १९५८च्या मॉडेलांत ते दिलं. ताई म्हणते, दाजींचंही तेच आहे, फक्त ते ऐकताना कधी दिसत नाहीत.

बरं, बसवल्यावर किती आकडा लावायचा? पिकअपवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचं रिकामं वजन २,०४० किलोपर्यंत असेल तर ती सहसा ड्युअल-पर्पज धरतात आणि कारचीच मर्यादा लागते. त्याहून जड असेल तर ती मालवाहू. मग साध्या दुपदरी रस्त्यावर ६० नाही, ५०. ड्युअल कॅरेजवेवर ७० नाही, ६०. मोटरवेवर ७०च, पण ट्रेलर लावला तर कोणत्याही गाडीला ६०. गाडीच्या कागदावरच्या वजनात बऱ्याचदा चालक आणि डिझेल धरलेलं असतं, तेव्हा ते रिकामं वजन समजू नका. पायाने चालवताना आपण मर्यादा मधूनमधून ओलांडतो. क्रूझवर चुकीचा आकडा लावला तर तास-तासभर ओलांडत राहतो.

आणि उतार. मॅन्युअल गिअरच्या साध्या क्रूझला इंधन तोडता येतं, ब्रेक मारता येतीलच असं नाही. हौद्यात सिमेंटची पोती असली की उतारावर गाडी आकड्याच्या पुढे जाते. दाजींना मी हे दोनदा सांगितलं, कारण त्यांचे पॉइंट उतारावरचेच होते. उतारावर गिअर खाली घ्यायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. पावसात क्रूझ नको, विशेषतः हौदा रिकामा असताना. पिकअपचं मागचं अंग हलकं, आणि बऱ्याच गाड्यांत रोजच्या चालण्यात जोर मागच्याच चाकांवर. पाणी साचलेल्या जागी चाक सरकलं तरी क्रूझ बिचारं वेग राखायलाच बघणार. एम-ट्वेंटी-फाइव्हवर वरच्या पाट्यांवरचा आकडा ६०चा ५० होतो, ४० होतो, हे त्याला कळत नाही. पुढची गाडी थांबली तेही कळत नाही, त्याला रडार लागतं आणि ते असं नंतर बसवण्यासारखं नसतं. सुट्टीत घरी गेलात आणि भाड्याच्या गाडीत क्रूझ असलं, तर बोरघाटात ते बंदच ठेवा. समृद्धीवर ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर पाय मोकळा झाला की डोळे मिटायला लागतात, तेव्हा दर दोन तासांनी चहाला उतरा.

आम्ही चाचणी रविवारी सकाळी सहाला घेतली, रस्ता कोरडा आणि मोकळा बघून. ५०वर सेट केलं. पहिल्यांदा ब्रेकला नुसता पाय टेकवला. सुटलं. पुन्हा सेट, क्लच दाबला. सुटलं. पुन्हा सेट, कॅन्सल. सुटलं. पुन्हा सेट, मुख्य बटण बंद. सुटलं. चारही वेळा हिरवा दिवा गेला की नाही ते मी बघत होतो, दाजी रस्ता बघत होते. पाचव्यांदा त्यांनी सेट केलं आणि पाय ब्रेकच्या जवळ ठेवून टोडिंग्टनच्या सर्व्हिसेसपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तिथे कॉफी घेताना म्हणाले, "पायाला काम नाही म्हटल्यावर पाय कुठे ठेवावा तेच कळत नाही रे."

कुणाला पार्ट नंबर पडताळायचे असतील तर कार्यक्रमाकडे गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून पाठवा, चासी नंबर मात्र पाठवू नका, तो डीलरलाच द्या.