माळ्यावर एकदा चढून बघा

होळी झाली, आंब्याची गडबड अजून सुरू व्हायची आहे. हाताशी थोडी सवड आहे, म्हणून आज घराच्या छपराबद्दल आणि माळ्याबद्दल बोलूया. तुम्ही म्हणाल, पावसाला अजून दोन-सव्वादोन महिने आहेत, आत्तापासून कशाला? पण नेमकी हीच वेळ आहे. मे उजाडला की सुतार मिळत नाही, आणि मिरग आला की कोणी छपरावर चढत नाही.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगते. आमचं घर दापोली तालुक्यात, मंगलोरी कौलांचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, ते तुम्हीही भोगलं आहे. आमचा एक अख्खा पाखा उघडा पडला. समोर पाऊस होता, म्हणून मिळतील तिथून कौलं आणली आणि कशीबशी लावली. पुढची दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या पावसाळ्यात माजघरात ओल दिसायला लागली. मी खाली पातेलं ठेवायचे, सकाळी ओतून टाकायचे. बस्स, तेवढंच. दिवाळीनंतर बघितलं तर माळ्यावर ठेवलेलं भाताचं बियाणं बुरसलेलं! सासूबाईंनी निवडून, वाळवून ठेवलेलं बियाणं ते. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं.

मग एक ठेकेदार आला. अंगणात उभा राहून त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "सगळं छप्पर उतरवून पत्रे टाका." खर्च सांगितला १ लाख ८० हजार. घरात दागिने गहाण टाकायची बोलणी सुरू झाली. माझी विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं, "दादा, तुम्ही माळ्यावर चढलात का?" तो म्हणाला, "वहिनी, आम्हाला खालून कळतं."

मला ते पटलं नाही. शेजारच्या वाडीतल्या एका जुन्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांना सांगितलं, काम तुम्हाला मिळो न मिळो, नुसतं बघायचे ७०० रुपये देते. काका बॅटरी आणि पेचकस घेऊन माळ्यावर चढले ते दोन तासांनी खाली उतरले. दोन वाशांची टोकं कुजली होती. दोन पाखे जिथे मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा गंजून भोक पडलं होतं. आणि वादळानंतर घाईत लावलेली कौलं वेगवेगळ्या कारखान्यांची होती, ती एकमेकांत नीट बसतच नव्हती. बाकीचं छप्पर ठणठणीत! सगळं काम १६ हजार ५०० रुपयांत झालं. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि दहा महिन्यांत फेडलं. दागिने पेटीतच राहिले.

सखींनो, घर गळतं हे सगळ्यांत आधी आपल्याला कळतं. कुठे पातेलं ठेवायचं आणि कुठे घमेलं, ते आपल्यालाच ठाऊक असतं. पण छपराचा निर्णय करताना आपल्याला कोणी विचारत नाही, आणि आपणही बोलत नाही. हे बदलायचं असेल तर आपल्याला आपलं छप्पर माहीत हवं.

त्यासाठी वर चढून कौलांवर चालायची गरज नाही. माळ्यावरूनच पुष्कळ कळतं. माळ्यावर एकटीने जाऊ नका. एकीने शिडी धरायची, दुसरीने चढायचं. आधी मेन स्विच बंद करा. उंदरांनी वायर कुरतडलेली असते आणि ओल आली की तिथेच शॉक बसतो. अडगळीत हात घालू नका, काठीने हलवा. विंचू आणि जनावर दोन्ही असू शकतं.

भर दुपारी जा आणि बॅटरी लगेच लावू नका. अंधारात डोळे बसू द्या. जिथून उजेडाची तिरीप येते तिथून पाणीही येणार. तिथे खडूने खूण करा. मग बॅटरी लावून वासे आणि रिपा बघा. काळा डाग म्हणजे पाणी मुरलेलं. मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी. पिठासारखा भुगा पडलेला असेल तर लाकूड आतून पोखरलं जातंय. शंका आली तर पेचकसाचं टोक दाबून बघा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. थेंब जिथे पडतो तिथेच भोक असतं असं नाही. पाणी कौलातून शिरतं, वाशावरून ओघळत खाली येतं आणि हातभर लांब जाऊन पडतं. म्हणून डागाच्या वरच्या अंगाला शोधा. दोन पाख्यांमधली पन्हळ, आढ्यावरचे कोने आणि भिंत छपराला मिळते ती जागा, गळती बहुतेक वेळा इथलीच असते. माकडांनी उड्या मारून सरकवलेली कौलं तर आपल्याकडे घरोघरी आहेत.

हे बघून झालं की जाणकार माणूस बोलवा. ज्या देशांत बर्फ पडतो, तिथे हिवाळ्याआधी पैसे देऊन छप्पर आणि माळा तपासून घेतात. तिथे घरातली ऊब माळ्यात शिरते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, आणि ते पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठतं. मागचं पाणी मग तुंबून घरात उतरतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मग आपण का तपासून घेऊ नये?

बघायला येणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. माळ्यावर चढून बघायचं. खराब जागा आम्हाला दाखवायच्या. आणि काय लगेच करायचं, काय पुढच्या वर्षी चालेल, ते वेगवेगळं लिहून द्यायचं. बघायचे पैसे वेगळे द्या, म्हणजे मोठं काम काढण्याकडे त्याचा ओढा राहणार नाही. तुम्ही खडूने केलेल्या खुणा त्याच्या यादीत आहेत का, तेही ताडून बघा.

आता सिमेंटच्या पत्र्यांबद्दल. ज्यांच्या पडवीवर किंवा गोठ्यावर हे पत्रे आहेत त्यांनी हे घरातल्या पुरुषांनाही सांगा. पत्रा वरून धड दिसतो, पण पाय पडला की एकदम फुटतो. आमच्या वाडीतला एक भाऊ असाच खाली आला. वर्ष झालं, अजून वाकून काम होत नाही. पत्र्यावर थेट पाय ठेवू नका, खालच्या आधारांवर टेकेल अशी मजबूत फळी टाकूनच जायचं. हे पत्रे, विशेषतः जुने, अॅस्बेस्टॉसचे असतात. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो. ते करवतीने कापू नका. तुकडे उचलायचे तर आधी पाणी मारा, आणि कोरडं झाडू नका.

शेवटचं, गटाचं. आमच्या गटाने गेल्या वर्षी ठरवलं, मार्चच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या छपराची खबर द्यायची. सुतारकाकांना एकाच दिवशी सहा घरं दाखवली, म्हणून त्यांनी बघायचे पैसे कमी घेतले. ज्यांचं काम तातडीचं, त्यांना कर्ज आधी. एकट्या राहणाऱ्या एका मावशींच्या घरी कौलं लावायला आम्ही सगळ्याच गेलो. छपराचे मोबाइलवर फोटोही काढून ठेवले. वादळात नुकसान झालं आणि तलाठी पंचनाम्याला आले, तर आधी छप्पर कसं होतं ते दाखवता येतं.

तर सखींनो, या आठवड्यात एक दुपार काढा. शेजारणीला हाक मारा, शिडी लावा आणि माळ्यावर एकदा चढून बघा. काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा. या पावसाळ्यात पातेली चुलीवरच असू देत.