वाघाच्या शेजाऱ्यांचे म्हणणे

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून आले. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. राष्ट्रीय उद्यान झाले ते १९५५ साली. देव त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा वन्यजीव पर्यटनाविषयी तेथील रहिवाशांचे मत विचारताना आपण पाहुणे आहोत, एवढे भान असावे.

वाघ हवा की नको, असा प्रश्न शहरातील मंडळी करतात. गावात तो कोणी करीत नाही. मोहर्लीच्या बाजूस काही तरुण वाटाडे झाले, काहींनी जिप्सी घेतल्या, स्त्रियाही हे काम करू लागल्या. आपल्यातील काही साथी याला तुकडे फेकणे म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते. घरात येणारा पगार हा पगारच असतो. परंतु ज्याच्यापाशी गाडी नाही आणि नोकरीही नाही, त्याचे काय?

उन्हाळ्यात झाडी विरळ होते, पाणवठे आटतात, वाघ हमखास दिसतो. म्हणून पर्यटकांची झुंबड तेव्हाच उडते. मोहफुलाचा आणि तेंदूपत्त्याचा हंगामही नेमका तोच. एकाच पहाटे कोणी पैसे मोजून वाघ शोधीत असतो, तर कोणी पोटासाठी वाकून पाने तोडीत असते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. भरपाईची तरतूद आहे, पण ती मृत्यूनंतरची. गाडीतील माणसाबरोबर वाटाडा असतो. या स्त्रियांबरोबर कोण असते?

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले, तेव्हा हॉटेलवाल्यांचे गाऱ्हाणे थेट दिल्लीत ऐकू गेले. मजुरिणीचा हंगाम बुडतो तेव्हा ते तालुक्यालाही ऐकू जात नाही. गाव उठवायचे तर ग्रामसभेची संमती हवी, असे कायदा २००६ पासून सांगतो. ती मिळविण्याची रीत कशी असते, हे आपण जाणताच. पण फाटकातून किती गाड्या सोडाव्यात, वेशीवर कोणाचे रिसॉर्ट उभे राहावे, हे ठरविताना त्याच ग्रामसभेचा शब्द कितीसा चालतो?

म्हणून पुढचा तेंदू हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगावी ठराव व्हावेत : पाने तोडणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर राखणदार द्यावा आणि त्याची मजुरी फाटकावरील उत्पन्नातून द्यावी. मसुदा तयार आहे. जेवणानंतर तो वाचून दाखवितो. दुरुस्त्या तेव्हाच सुचवाव्यात.