आंबील : गुण आणि सांभाळ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारीची स्तुती पुष्कळ ऐकू येते. आपल्या मानोऱ्याला ज्वारी काही नवी नव्हे! परंतु आंबील म्हणजे सर्व रोगांवर औषध, हे मला पटत नाही.

आमच्या घरी ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजत घालतात. सकाळी ते आधणात सोडून, ढवळीत शिजवतात आणि निवल्यावर ताक, मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालतात. आंबवल्याने धान्यातले लोह अंगी लागणे सोपे जाते. उकळल्यावर ताकातले उपकारक जंतू मात्र मरतात. ते परत हवे असतील तर वरून घातलेले ताक ताजे असावे.

जपानात तांदळाचे अमाझाके नावाचे पेय आहे. भातात कोजी, म्हणजे खास बुरशी वाढवलेला तांदूळ, मिसळून ते सुमारे ६० अंश सेल्सियस उष्णतेत आठ-दहा तास ठेवतात. भातातल्या पिष्टाची साखर होते, आणि वरून साखर न घालताही पेय गोड लागते. त्यात मद्य नसते. साके या दारूच्या चोथ्यापासून करतात त्या प्रकारात मात्र थोडे राहते, म्हणून गर्भिणीने व मुलांनी तो घेऊ नये.

अमाझाके आंबट नसल्याने लवकर नासते. आपल्या आंबिलीला आंबटपणाची राखण आहे, वर उकळीची. पण ती मोडतो आपणच! शिजलेली आंबील पातळ करायला रांजणातले कच्चे पाणी ओततो, नाहीतर बाजारचा बर्फ टाकतो. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत, रामनवमीच्या उन्हात, हे फार होते. पाणी उकळून निवलेलेच घाला, आणि दुपारपर्यंत भांडे रिकामे करा. कल्हई उडालेल्या पितळेत तर ती ठेवूच नका, कळकते.

मधुमेह असलेल्यांनी वाटीने मोजून प्यावी. ज्वारीतही पिष्टच आहे, आणि पातळ पेज लवकर पचते. रक्तदाब असेल तर मीठ कमी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये.

मुलाला हगवण लागली तर आंबिलीवर विसंबू नका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवा आणि थोडेथोडे पाजत राहा. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.